पंधराची नक्कल, पन्नासाचा कागद

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २९ वर्षांच्या आहेत. पदवीधर असून तालुक्यापासून अकरा किलोमीटरवरच्या खेड्यात राहतात, घरची शेती आहे. शेजारच्या आजींना पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव किंवा हक्क बदलल्याची नोंद) असे तीन कागद हवे होते. गावात ऑनलाइन कामांचं दुकान चालवणाऱ्या पत्रलेखिकेच्या चुलतभावाने त्यांचे दीडशे रुपये घेतले. सरकारी दर नकलेमागे १५ रुपये आहे हे कळल्यावर पत्रलेखिकेचं डोकं फिरलं आणि त्यांनी लोकांना मोबाइलवरून फुकट सातबारे काढून द्यायला सुरुवात केली. पहिलाच सातबारा बँकेने परत पाठवला. मग त्या स्वतःच्या खिशातून १५-१५ रुपये भरू लागल्या, दोन महिन्यांत सहाशेच्या वर गेले. इकडे दादाचं गिऱ्हाईक तुटलं आणि काकांनी बोलणं टाकलं. आता त्यांच्या मनात तीन बेत आहेत: गावातल्या सगळ्यांचे सातबारे एकदाच उतरवून गावच्या व्हॉट्सॲप गटावर ठेवायचे, माहिती अधिकाराचा अर्ज करून हे शुल्कच रद्द करायला लावायचं आणि दादाची तक्रार करायची. त्या विचारतात, ‘आपल्याच जमिनीची नोंद बघायला आपणच पैसे का भरायचे?’

उत्तर:

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ‘पहिला सातबारा बँकेने परत पाठवला, कारण त्यावर सही नव्हती.’ पुढे तुम्ही लगेच पैशांच्या हिशेबाकडे वळलात. मी मात्र त्या काउंटरपाशीच थांबले, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

तुम्ही भूलेख या सरकारी संकेतस्थळावरून काढलात तो सातबारा नुसता बघण्याचा. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, मोबाइल नंबर, ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकली की तो समोर येतो, एक पैसा लागत नाही. आठ-अ सुद्धा तसाच दिसतो. तो कायदेशीर कामाला चालणार नाही असं तिथेच लिहिलेलं असतं, पण आपण वाचत नाही. बँकेला हवा होता तो डिजिटल सातबाऱ्याच्या संकेतस्थळावरचा, १५ रुपयांचा. त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते, क्यूआर कोड असतो आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो आकडा टाकून कागद खरा की खोटा हे कुणालाही तपासता येतं. या नकलेवर वेगळा सहीशिक्का घ्यायला तलाठ्याकडे (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच) जावं लागत नाही.

म्हणजे ‘नोंद बघायला पैसे’ हे सातबाऱ्यापुरतं तरी खरं नाही. बघणं फुकट आहे, पैसे आहेत ते सरकारने ‘हो, हे खरं आहे’ असं लिहून देण्याचे. फेरफाराच्या बाबतीत तुमची तक्रार जास्त रास्त आहे, कारण त्याची नक्कल पैसे भरूनच उतरवावी लागते. आणि सातबाऱ्यावर नाव कसं आलं, कसं गेलं, हे सगळं नाट्य फेरफारातच असतं.

मग १५ रुपये तरी का, असं तुम्ही विचाराल. विचारा, माझंही मन यात पूर्ण निश्चिंत नाही. महाराष्ट्रात भूमी अभिलेखांचं निरीक्षण, शोध आणि नकला यांचे नियम १९७० सालचे आहेत. त्या काळी नक्कल म्हणजे खरोखर एका माणसाने दुसरा कागद बघून हाताने लिहिलेली प्रत. मी स्वतः एका रेकॉर्ड रूममध्ये बसून ते पाहिलं आहे. लाल कापडात बांधलेलं दप्तर कारकुनाने टेबलावर टाकलं, धुळीने आम्ही दोघंही शिंकलो. त्याने गाठ सोडली आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटत माझ्या आजोबांचं नाव शोधलं. सापडायला पाऊण तास लागला, उतरवून घ्यायला अर्धा. तिथे नकलेचे पैसे देताना मला काही वाटलं नाही. आता ते बोटही नाही आणि थुंकीही नाही, यंत्राने दहावी प्रत काढली काय नि दहा हजारावी काय, त्याला घाम फुटत नाही. शुल्क मात्र नकलेमागेच मोजलं जातं. काम बदललं तरी पावती फाडायची सवय राहिली, असं मला वाटतं.

कायद्याचा सूरही तुमच्या बाजूचा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधलं कलम ४(४) काढून वाचा. सरकारी कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायची माहिती शक्यतो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, फुकट किंवा माध्यमाच्या अथवा छपाईच्या खर्चाइतक्या दरात मिळावी, असं ते म्हणतं. दुसऱ्या पारड्यात हेही टाकते की संकेतस्थळ चालू ठेवायला, सह्या टिकवायला, जुनी दप्तरं स्कॅन करायला खर्च येतो. हा खर्च ज्याला शिक्का हवा त्याच्याकडून थोडा घ्यावा की सगळ्यांच्या करातून, यावर प्रामाणिक माणसांत दोन मतं असू शकतात. माझं मत विचाराल तर फेरफारासकट सगळं बघणं फुकट असावं आणि सहीच्या नकलेला किरकोळ दर असला तर चालेल.

पण तुमच्या आजींचे दीडशे रुपये गेले ते या वादामुळे नाहीत. तीन नकलांचे सरकारी पैसे झाले ४५. उरलेले १०५ कशाचे?

दादावर रागावण्याआधी त्याच्या दुकानात एका बाजारच्या दिवशी तासभर नुसतं बसून बघा. एक आजोबा येतात. गट नंबर आठवत नाही, ‘ओढ्यापलीकडचं’ एवढं सांगतात. नाव दत्तू की दत्तु की दत्तात्रय, हे तिन्ही टाकून बघावं लागतं. गट सापडतो तर त्याचे पोटहिस्से पडलेले, २१४/२/अ आणि २१४/२/ब, त्यातला आजोबांचा कुठला? ओटीपी जातो मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा पुण्यात, फोन उचलत नाही. तोवर सर्व्हर बसतो, पैसे कापले जातात, कागद येत नाही. आणि हे सगळं झाल्यावर प्रिंटरमधली शाई संपते. दादा पन्नास घेतो त्यात हे सगळं आहे. तुम्ही दोन महिने हेच काम फुकट केलंत, म्हणून पंधराच्या आकड्यापुढे ही मेहनत तुम्हाला दिसेनाशी झाली असावी. थकला असाल, हे मात्र पत्रात ओळीओळीला दिसतं.

दादाचं चुकतं ते एका ठिकाणी, आणि तिथे मी ठाम आहे. सरकारी पैसे किती आणि त्याचे स्वतःचे किती हे तो सांगत नाही. आजींना वाटतं सरकारच पन्नास घेतं. अशाने सरकारला शिव्या बसतात, दादा नामानिराळा राहतो आणि पुढच्या वेळी कागद लागला की आजी आधी पैशांची जुळवाजुळव करतात.

त्याचं दुकान अधिकृत ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आहे की नुसतं झेरॉक्स-ऑनलाइनचं, हे आधी बघून घ्या, पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. अधिकृत केंद्रावर मिळणाऱ्या सेवांचे दर शासनाने ठरवलेले असतात आणि ते लावावे लागतात. त्यावर पैसे घेतले तर तहसील कार्यालयाकडे तक्रार करता येते, आणि एरवी मी ती करा असंच म्हणाले असते. साधं दुकान असेल तर मेहनतीचे किती घ्यायचे हे त्याच्यात नि गिऱ्हाइकात. पण दोन्ही बाबतींत पहिली पायरी तहसील नव्हे. पहिली पायरी म्हणजे दादासमोर बसून, ‘दादा, भिंतीवर एक पाटी लाव, सरकारी १५, छपाई इतकी, माझं काम इतकं,’ असं म्हणणं. पाटी लागली आणि तरी लोक त्याच्याकडेच गेले तर समजा, त्यांना ते काम तेवढ्या मोलाचं वाटतं. नाही लागली, तर तक्रारीचा रस्ता कुठे पळून जात नाही.

आता व्हॉट्सॲप गटाचा बेत. हा करू नका. तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘तशाही त्या नोंदी उघड्याच आहेत, मग काय बिघडलं?’ असं तुम्ही लिहिलं आहे. वरवर पाहता बरोबर. पण एखादी नोंद ज्याला गरज आहे त्याने जाऊन बघणं वेगळं आणि ती गावभर फिरणं वेगळं. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना डोळ्यांसमोर आणा. सोसायटीचा बोजा, बँकेचं गहाण, बहिणीने सोडलेला किंवा न सोडलेला हक्क, कोर्टातला दावा, सगळं तिथे. आठ-अ वर तर एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एका कागदावर येते. एखाद्या घरी मुलीचं लग्न ठरत असेल, एखाद्याने बोजा घरात कुणाला सांगितला नसेल, एखादी विधवा वारस म्हणून नुकतीच नावावर लागली असेल, अशांचे कागद तुम्ही सकाळच्या सुप्रभात संदेशांच्या रांगेत लावणार. आणि गटात जमिनीचे दलाल नसतील असं तुम्हाला खरंच वाटतं?

दुसरी अडचण साधी आहे. सातबारा शिळा होतो. आज उतरवलेला कागद पुढच्या महिन्यात एखादा फेरफार मंजूर झाला की चुकीचा ठरतो, पण गटावर मात्र तोच फिरत राहतो, आणि कुणीतरी त्यावर विसंबून इसार देऊन बसतो. कुणाला जमिनीचा कागद दाखवला गेला तर त्यावरचा १६ अंकी क्रमांक टाकून पडताळा, एवढं तुम्ही गटावर लिहिलंत तरी पुष्कळ आहे. ती पडताळणी फुकट असते.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, पण प्रश्न बदला. ‘शुल्क का घेता, रद्द करा,’ याला त्या कायद्यात उत्तर नाही. कार्यालयाकडे नोंदीत असलेली माहिती त्यातून मिळते. कारणमीमांसा मिळत नाही, धोरण तर बदलतच नाही. सातबाऱ्याची सहीची नक्कल माहिती अधिकारात दोन रुपये पानाने मिळवायची, हा सल्लाही तुम्हाला कुणीतरी दिलेला दिसतो. तो जपून घ्या. जिथे नकलांसाठी वेगळे नियम नि शुल्क ठरलेलं आहे तिथे त्याच वाटेने जा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कंपनी निबंधकांकडच्या कागदांबाबत म्हटलं. न्यायालयीन कागदांच्या नकलांबाबत सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये, गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात, हाच सूर लावला. प्रकरणं वेगळी असली तरी तुमचा अर्ज फेटाळताना त्यांचा हवाला दिला जाऊ शकतो. महिनाभर थांबून तो वाचायला मिळाला तर तुम्ही आणखी चिडाल.

त्यापेक्षा असं मागा: डिजिटल सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचं शुल्क ज्या शासन निर्णयाने ठरलं त्याची प्रत, मागच्या आर्थिक वर्षात तुमच्या जिल्ह्यातून त्यापोटी जमा झालेली रक्कम, ती कुठल्या लेखाशीर्षाखाली गेली आणि तालुक्यातल्या अधिकृत सेवा केंद्रांची यादी व मंजूर दरपत्रक. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून शेवटचा मुद्दा वेगळ्या अर्जात घ्या. अर्जाचे १० रुपये, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरही भरता येतात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. उत्तराची मुदत ३० दिवसांची, ती उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. हे विसरू नका, कार्यालयं सोयीस्करपणे विसरतात. हातात आकडे आले की ग्रामसभेत ठराव मांडा, ‘फेरफार बघण्यापुरता निःशुल्क करावा,’ आणि तो पुण्याला जमाबंदी आयुक्तांकडे पाठवा. एका ठरावाने शुल्क जात नाही. पण ‘रद्द करा’ असं ओरडणाऱ्या अर्जाला उत्तर टाळता येतं, आकड्यांसकट आलेल्या ठरावाला किमान जावक क्रमांक तरी मिळतो.

आणि खिशातून पैसे भरणं आजपासून बंद करा. सहाशे रुपये गेले ते गेले. पुढचा सातबारा ज्याचा, त्याच्याच मोबाइलवर ओटीपी आणि त्याच्याच पैशाने. हा कंजूषपणा नाही. तुमच्या खात्यातून निघालेली फाइल तुमच्या मोबाइलमध्ये राहते, दुसऱ्या वेळी ते पुन्हा तुमच्याच दारात येतात. दादाच्या दुकानाऐवजी तुमची ओसरी, एवढाच फरक पडला.

तुमच्या जागी मी असते तर आठवड्यातून एक संध्याकाळ, ठरलेल्या वेळी, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसले असते. येणाऱ्याला पहिला प्रश्न, ‘कागद कशाला हवाय?’ नुसतं नाव लागलं का, बोजा उतरला का हे बघायचं असेल तर भूलेख, फुकट, दोन मिनिटांत. बँकेसाठी हवा असेल तर आधी बँकेत विचारून या. बऱ्याच बँकांना सातबारा आणि आठ-अ थेट ऑनलाइन बघायची सोय दिलेली आहे, पण काउंटरवरच्या माणसाला ते माहीत नसतं किंवा फायलीत कागद लागला की त्याला बरं वाटतं. एकदा उतरवलेली सहीची पीडीएफ जपून ठेवली तर सोसायटीसाठी वेगळी नि बँकेसाठी वेगळी नक्कल विकत घ्यायची गरज सहसा नसते. तीच दोनदा छापा, पडताळणी क्रमांक दोन्हीवर आहे. मात्र कागद अलीकडचा हवा का, ते विचारून घ्या.

त्या ओट्यावर आणखी एक गोष्ट करा. ‘आपली चावडी’ नावाचं पान उघडा. गावात घातलेल्या नव्या फेरफारांच्या नोटिसा तिथे दिसतात, लॉगिन नाही, पैसे नाहीत. नोटिशीपासून हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत असते. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतली कितीतरी दुःखं अशी असतात की भावाने परस्पर वाटणीपत्र केलं, काकाने वारसांत बहिणींची नावं घातली नाहीत आणि कळलं तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. मग प्रांताकडे अपील, वकील, तारखा. तेव्हा गेलेल्या पैशांत हजारो सातबारे आले असते. दर सोमवारी ते पान उघडून फक्त गट नंबर मोठ्याने वाचलेत तरी तुमचे सहाशे रुपये वसूल झाले म्हणायचे.

शहरातल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण हाच प्रश्न जन्मदाखला, मालमत्ता कर, बांधकाम परवानगी यांबाबतही येतो. पैसे भरण्याआधी बघा की तुम्हाला माहिती हवी आहे की सहीचा कागद. पालिकेचा अर्थसंकल्प, सभेची इतिवृत्तं, ठराव, ठेकेदारांना दिलेल्या परवानग्या, हे कार्यालयाने स्वतःहून मांडायचं असतं, त्यासाठी नक्कल शुल्क मागितलं तर कलम ४ दाखवा. आणि अधिसूचित सेवेचं शुल्क, मुदत नि जबाबदार अधिकारी कोण याचा फलक लावणं लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली बंधनकारक आहे. फलक नसेल तर त्याचा फोटो काढा. म्हणजे, रिकाम्या भिंतीचा.

काकांचं काय करायचं, हे तुम्ही शेवटी अर्ध्या वाक्यात विचारलंय, पण पत्र बहुधा त्यासाठीच लिहिलंय. त्यांना वाटतं, पुतणीने घरच्याच पोराच्या पोटावर पाय दिला. तुम्हाला वाटतं, घरच्याच पोराने म्हातारीला लुबाडलं. दोघंही पूर्ण चूक नाही, म्हणून कुणीच माघार घेत नाही. दादाला ओट्यावर बोलवा. गुंतागुंतीची कामं, जुने फेरफार शोधणं, वारसनोंदीचा ई-हक्क या सरकारी पोर्टलवरचा अर्ज भरणं, हे तुम्ही त्याच्याकडेच पाठवा, पाटीवरच्या दराने. साधं बघणं ओट्यावर. तुमच्यापेक्षा त्याला पोटहिस्से जास्त कळतात, हे काकांसमोर म्हणा. म्हणायला जड जाईल, पण खरंच आहे ते.

दादाशी बोलायला जाण्याआधी एकदा आजींकडे चक्कर टाका. बँकेने दिलेली यादी त्यांच्या पिशवीत असेल, ती उघडून बघा. सातबारा आणि आठ-अ बँकेने मागितलाच असेल. तिसरा कागद, फेरफार, नक्की कुणी सांगितला होता, बँकेने, दादाने, की आजींनीच ‘असू दे तोपण’ म्हटलं होतं?